पीनट बटर, काकवी, मध, तूप: वाटीनं मोजायचं की काट्यावर?

वडगावकरीण
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचा बायकांचा बचत गट आहे. शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की आधीपासून करतो, हल्ली पीनट बटर घालून नाचणीची बिस्किटंही करायला लागलोय. मागणी चांगली आहे, म्हणूनच हा धागा काढतेय.

बिस्किटांची कृती एका परदेशी कृतीवरून बेतलेली आहे. त्यात एक कप पीनट बटर आणि पाऊण कप मध. मधाच्या जागी आम्ही काकवी वापरतो, ती आपल्याकडे सहज मिळते आणि नाचणीला तिची चवही शोभते. पीठ आणि साखर यांचं माप सगळ्यांच्या हातून सारखं येतं. चिकट जिन्नस आला की मात्र प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कोणी कप दाबून भरते, कोणी वरवर भरते. कपाच्या बुडाला राहिलेलं कोणी बोटानं निपटून घेते, कोणी तसंच पाण्यात टाकते. मग एका घाण्याची बिस्किटं तव्यासारखी पसरतात आणि दुसऱ्या घाण्याची फुटतात. गिऱ्हाईक तेच, पाकीट तेच, मग आतला माल वेगळा का? मला हे मनापासून खटकतं.

तुम्ही घरी किंवा धंद्यात हे जिन्नस कसे मोजता? पाण्यात टाकून मोजायची एक रीत ऐकली आहे, ती कोणी करून बघितली आहे का?


गोकाकची_सून
वैनी, आधी सोपं सांगते. कपाला आतून तेलाचा हात फिरवायचा, मगच मध किंवा काकवी ओतायची. सगळं घसरून बाहेर येतं, बुडाला काही राहत नाही. कृतीत तेल किंवा पातळ तूप असेल तर ते आधी त्याच कपानं मोजा, वेगळा हात फिरवायलाही नको. मधाचा चमचा गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतला तरी काम होतं.

पीनट बटर कपात भरताना मधे हवेच्या पोकळ्या राहतात. दोनतीनदा थोडं थोडं घालून चमच्याच्या पाठीनं दाबायचं आणि वरून सुरीच्या पाठीनं सपाट करायचं. रबरी उलथणं असेल तर काढायला बरं. आमच्या घरी एवढ्यावर भागतं.


परदेशी_बेळगावकर
मूळचा शहापूरचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत. वडगावकरीण, एक गोष्ट आधी तपासा: तुमच्याकडचा कप कुठला आहे? इथला कप साधारण २३७ मिलीलिटरचा, पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात तो २४० धरतात. भारतात मिळणाऱ्या संचात काही कप २४० चे, काही २५० चे. चमच्याचंही तसंच. इथला मोठा चमचा १५ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २० चा. कृती कुठल्या देशातली आहे ते न बघता कप उचलला तर कितीही नीट निपटून काढलं तरी फरक राहणारच.

इथले बरेच चांगले बेकर आता ग्रॅममध्येही लिहितात. इथल्या एका कपात पीनट बटर साधारण २६० ग्रॅम बसतं आणि मध साधारण ३४० ग्रॅम. कप तोच, वजनात केवढा फरक बघा. साखर त्याच कपात २०० ग्रॅम आणि मैदा जेमतेम १२०-१२५.


उद्यमबागवाला
मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, मोजमाप हेच रोजचं काम. माझं स्पष्ट मत सांगतो. चिकट जिन्नस कपात घालूच नका. ज्या भांड्यात घालाल त्या भांड्याला तो चिकटणार, मग मधे एक जास्तीचं भांडं आणायचंच कशाला?

साधा स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या. त्यावर पीनट बटरची बरणी ठेवा, झाकण काढून, चमचा आत ठेवून. शून्याचं बटण दाबा. काटा शून्य दाखवेल. आता बरणीतून चमच्यानं काढा आणि थेट पिठाच्या परातीत टाका. काटा उणे ४०, उणे १२०, उणे २०० असं दाखवत जाईल. उणे २६० आलं की थांबा. जेवढं बरणीतून गेलं तेवढंच परातीत आलं. आकडा बघताना चमचा परत बरणीतच ठेवा, म्हणजे त्याला लागलेलंही वजनात परत येतं. कप नाही, तेलाचा हात नाही, निपटणं नाही.

दुसरी रीत, परातच काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि वरून ओतायचं. काकवीसारख्या ओतायच्या जिनसाला ही चालते. पण धार तुटत नाही, हात थांबेपर्यंत वीस-तीस ग्रॅम जास्त पडून जातं, आणि परातीतून ते काढता येत नाही. बरणी काट्यावर असली की जास्त काढलेलं परत घालता येतं. म्हणून मी पहिली रीतच सांगेन.


वडगावकरीण
हे उणे वजनाचं मला माहीतच नव्हतं, आमच्या काट्यावर आजच करून बघते. पण गटातल्या दोघीतिघींच्या घरी काटा नाही. त्या वाटीनं करतात. त्यांनी काय करावं? आणि काटा खरा आहे की नाही हे कसं ओळखायचं?


उद्यमबागवाला
दोन्हींचं सांगतो.

काटा तपासायला दहा रुपयांची दहा नाणी घ्या. एका नाण्याचं वजन सुमारे ७.७ ग्रॅम, म्हणजे दहा नाण्यांचं ७७ ग्रॅम भरायला हवं. एखाददुसऱ्या ग्रॅमचा फरक चालतो, पाच-सहाचा आला तर बॅटरी बदला, मग बघा. काटा कडप्प्याच्या सपाट ओट्यावर ठेवा, परातीच्या कडेवर किंवा कापडावर नको. वरचा पंखा जोरात असेल तर एका ग्रॅमचा आकडा नाचत राहतो. आणि गरम कढई काट्यावर कधीच ठेवू नका, आतला संवेदक तापला की तो चुकीचंच दाखवतो.

स्वस्त काटे मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात आणि शून्य विसरतात. म्हणून सुरुवातीला पूर्ण बरणीचं वजन कागदावर लिहून ठेवायचं. मधेच बंद पडला तरी वजाबाकी करता येते. रिकाम्या बरणीचं वजन तिच्या बुडावर मार्करनं लिहून ठेवलंत तर बरणीत किती उरलंय तेही कळतं, मालाची यादी करताना उपयोग होतो.

वाटीचं म्हणाल तर वाटीला ठरलेलं माप नाही. आपल्याकडच्या स्टीलच्या वाट्या दीडशे मिलीलिटरच्याही असतात आणि दोनशेच्याही. पण एकदा तुमच्या काट्यावर त्यांची वाटी आणून मोजता येईल की. रिकामी वाटी ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम तितकेच मिलीलिटर. समजा १६० आलं. मग त्या वाटीत पीनट बटर १६० च्या १.१ पट, म्हणजे सुमारे १७५ ग्रॅम बसेल. मध १.४ पट, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. तूप ०.९ पट, १४५ च्या जवळ. तेलाचंही तसंच, म्हणून तर तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. प्रत्येकीच्या वाटीवर मागून तिचं माप कोरून घ्या, भांड्यांच्या दुकानात नावं कोरून देतात तसंच.


खानापूरचे_गुरुजी
हा धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्या लहानपणी खानापूर भागात धान्याची मापं घरोघरी असत. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेरांची पायली. भात, जोंधळा, नाचणी, शेंगा, सगळं या मापांनी. गूळ मात्र कधी मापट्यात घातलेला मी पाहिला नाही. गूळ तराजूत. चिंच तराजूत. तेव्हाच्या वजनाचा शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. छटाक, पावशेर, अच्छेर ही वजनं त्यातलीच.

यामागे व्यवहार होता. धान्य मापातून सळसळत बाहेर पडतं, दाणा मागे राहत नाही. गूळ मापाला धरतो. शिवाय दाबून भरला की माप फसवतं. म्हणून आपल्या वाडवडिलांनी कोरडं माप आणि चिकट वजन अशी वाटणीच करून टाकली होती. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजनं आली, पुढच्या काही वर्षांत शेर-पायली कागदावरून गेली, खेड्यातल्या घरांतून बरीच उशिरा. स्वयंपाकाच्या कृतीत कप शिरला आणि ही वाटणी मोडली, असं मला वाटतं. उद्यमबागवाले सांगतात ते मला आमच्या बाजारातल्या जुन्याच रीतीशी जुळणारं दिसतं.


तालमीतला
अनगोळचा. मी रोज सकाळी पीनट बटर खाऊलालोय, प्रशिक्षकांनी दोन चमचे सांगितलंय. डब्यावर दोन मोठे चमचे म्हणजे ३२ ग्रॅम लिहिलंय. पण घरातला चमचा भरून काढला तर वर डोंगर उभा राहतो. तो एक चमचा धरायचा की दोन?


उद्यमबागवाला
@तालमीतला, डब्यावरचा चमचा सपाट १५ मिलीलिटरचा असतो. पीनट बटर वर चढतं, पडत नाही, त्यामुळे एका चमच्यात सहज दोन चमच्यांचं बसतं. तू दोन डोंगर खात असशील तर ३२ ग्रॅमऐवजी साठ-सत्तर ग्रॅम पोटात जातंय. ३२ ग्रॅममध्येच १९० च्या आसपास कॅलरी असतात. बरणी काट्यावर, शून्य, उणे ३२. आठवडाभर केलंस की नजर बसेल.


तालमीतला
होय की, हे सोपं हाय. प्रशिक्षकांनाही दाखवतो.


ऊसवाला
आम्ही चिकोडी तालुक्यातले, ऊस लावतो, गुऱ्हाळ शेजारच्याचं हाय. काकवीबद्दल दोन शब्द बोलतो, कारण वर कुणी काकवी आणि मध एकाच वजनाचं धरून चाललंय असं दिसतंय.

काकवी म्हणजे काहिलीतनं गूळ व्हायच्या आधी उतरवलेला रस. रस उकळत उकळत १०५ अंशाच्या आसपास आला की काकवी उतरवत्यात, गुळाला ११८ च्या जवळ न्यावं लागतंय. आता गुळव्या नजरेनं उतरवतो. कुणी जरा लवकर काढली तर पातळ, जरा थांबला तर दाट. पातळ काकवीत पाणी जास्त, कधी कधी तिसरा हिस्सा पाणीच असतंय. मधात एवढं पाणी नसतंय. मग तुम्ही पाऊण कप म्हणजे २५५ ग्रॅम मधाच्या जागी २५५ ग्रॅम काकवी घातली तर वजन बरोबर, पण गोडवा कमी आणि पाणी जास्त जातंय. पीठ सैल होणार, बिस्किट पसरणार. तुमचं बिस्किट पसरतंय ते नुसत्या कपामुळंच न्हाई, काकवी कुठल्या गुऱ्हाळाची हाय त्यानंही पसरत असंल.

उपाय सोपा. एका हंगामाची काकवी एकाच गुऱ्हाळातनं एकदम घ्या आणि सगळे डबे एका मोठ्या पातेल्यात ओतून एकजीव करून परत भरा. पातळ वाटली तर मंद आचेवर जरा आटवा, उकळी जोरात नको, करपट वास येतो. आटवायच्या आधी आणि नंतर पातेल्यासकट वजन करा, गार झाल्यावर. किती पाणी गेलं ते कळतंय. थंडीत काकवी घट्ट होत्या, डबा कोमट पाण्यात ठेवला की ओततानाचा त्रास वाचतो.


गोकाकची_सून
ऊसवाले दादांनी माझ्या मनातलं सांगितलं. आता मी जरा विरोधात बोलते, राग मानू नका.

नागपंचमीला आमच्या घरी शेंगा उंडी होतात, सासूबाई करतात. शेंगा भाजून, सालं काढून, जाडसर कूट, आणि गुळाचा पाक. त्यांनी कधी काटा बघितला नाही आणि कधी उंडी बिघडली नाही. पाक झाला की नाही हे त्या वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघतात. थेंब पाण्यात पसरला तर कच्चा, गोळा झाला तर उंडीचा, कट्कन मोडला तर चिक्कीचा. त्या गुळाचा तुकडा चाखून सांगतात की हा खारट आहे, कमी घाला. नवा गूळ आणि जुना गूळ त्यांना वासावरून कळतो. गूळ ५०० ग्रॅम आहे एवढंच काटा सांगेल. तो ओला आहे की कोरडा, खारट आहे की गोड, हे सांगणार नाही. शेंगांचंही तसंच, एका शेतातल्या दाण्याला तेल जास्त सुटतं, दुसऱ्याचा दाणा कोरडा.

मला एवढंच म्हणायचंय की काट्याच्या नादानं हात आणि जीभ मागे पडू नयेत.


उद्यमबागवाला
राग कसला, अक्का. तुमचं म्हणणं रास्त आहे आणि माझ्या कामाशी जुळतंही. लोखंड ओतताना वजन मोजून घेतात आणि रंग बघूनही घेतात.

पण फरक इथे आहे: तुमच्या सासूबाई एकट्या करतात. पाक त्यांच्या एका नजरेखाली असतो. बचत गटात आज एक करते, उद्या दुसरी. नजर एकीकडून दुसरीकडे देता येत नाही, आकडा देता येतो. वजन पक्कं झालं की मग पाक, ओलावा आणि खारटपणा एवढंच नजरेनं बघायचं राहतं, आणि बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते सापडतं. आता बिस्किट पसरलं तर कप दोषी की काकवी दोषी, हेच कळत नाही ना?


गोकाकची_सून
हे पटलं. सासूबाईंना यंदा पंचमीला विचारणार, तुम्ही हातानं घ्या, मी खाली काटा ठेवते. पुढच्या पिढीला त्यांचं प्रमाण लिहून राहील. त्या हो म्हणाल्या तर इथेच टाकीन.


परदेशी_बेळगावकर
पाण्यात टाकून मोजायच्या रीतीबद्दल कोणी बोललंच नाही. इथे जुन्या पाककृतींत ती सर्रास असते. मोठ्या मापाच्या भांड्यात २५० मिलीलिटर पाणी घ्यायचं, त्यात पीनट बटर टाकत जायचं. पाणी ३७५ ला पोचलं म्हणजे १२५ मिलीलिटर पीनट बटर झालं. मग पाणी ओतून टाकायचं.

पीनट बटर पाण्यापेक्षा थोडं जड आहे, ते बुडतं, म्हणून माप बरोबर येतं. लोणी आणि थिजलेलं तूप तरंगतात. ते चमच्यानं पाण्याखाली दाबून धरायचे आणि मग रेघ बघायची, नाहीतर माप कमी दिसतं आणि आपण जास्त घालतो. मध, काकवी, गूळ यांना ही रीत अजिबात चालत नाही, ते पाण्यात विरघळून जातील.

मला स्वतःला पीनट बटरसाठीही ही रीत आवडत नाही. पाणी नीट निथळत नाही, आणि पीनट बटरला थोडंसं पाणी लागलं की ते पातळ व्हायच्या ऐवजी उलट घट्ट, रवाळ होऊन बसतं. बिस्किटात खपून जाईल. चिक्कीत तर पाण्याचा थेंबही नको.


वडगावकरीण
किती छान माहिती मिळाली. बरणी काट्यावर ठेवून उणे वजनानं एक घाणा केला. कप धुवायचे वाचले हा वरचा फायदा.

आता पुढचा प्रश्न. विकतचं पीनट बटर महाग पडतं म्हणून आम्ही ते घरीच करायचं ठरवलं आहे. रविवार पेठेतून शेंगदाणे पोत्यानं आणतो. मिक्सरमध्ये फिरवलं की भांड्याच्या पात्याखाली आणि कडेला खूप चिकटून राहतं. ते कसं मोजायचं?


उद्यमबागवाला
ते मोजूच नका. पीनट बटर म्हणजे शेंगदाणेच. भाजून, गार करून, सालं काढून झालेले दाणे २६० ग्रॅम मोजा. दाणे कोरडे आहेत, कशालाच चिकटत नाहीत. मिक्सरच्या भांड्यात त्यांचं पीनट बटर करा आणि त्याच भांड्यात तेल, काकवी, जे काही पातळ जायचंय ते घालून एकदा फिरवा. पातळ झालेलं सगळं मिश्रण एका धारेत पिठात उतरतं, कडेला राहणारं नावापुरतं.

वजन भाजल्यानंतर आणि सालं काढल्यानंतरच करायचं, हे विसरू नका. भाजताना ओलावा जातो, पाखडताना सालं जातात. कच्च्या दाण्यांचं वजन धरलं तर कमी पडेल.


ऊसवाला
आणि कूट आणि पीनट बटर वाटीनं एकसारखं धरू नका. जाडसर कुटात दाण्यादाण्यात हवा असत्या. तेच तेल सुटेपर्यंत फिरवलं की खाली बसतंय, त्याच वाटीत जवळजवळ दुप्पट मावतंय. वजनाला मात्र दोन्ही सारखंच.


परदेशी_बेळगावकर
घरच्या पीनट बटरचं आणखी एक. त्यावर तेल तरंगायला लागतं. विकतच्या काही प्रकारांत ते होऊ नये म्हणून घट्ट वनस्पती तेल घातलेलं असतं, घरच्यात नसतं. मोजायच्या आधी बरणीच्या बुडापर्यंत सुरी घालून नीट ढवळा. वरचं वरचं घेतलंत तर २६० ग्रॅममध्ये तेलच जास्त जाईल, आणि बरणीच्या शेवटी कोरडा गोळा उरेल. वजन दोन्ही वेळा बरोबरच दिसेल, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बरणी उलटी ठेवली तर तेल बुडाकडे सरकतं आणि ढवळायला सोपं जातं, पण झाकण घट्ट हवं.


गोकाकची_सून
चिक्कीबद्दल मी सांगू? गूळ घट्ट असतानाच मोजायचा, किसून किंवा फोडून. वितळल्यावर मोजायचा नाही. पाक होताना त्यातलं पाणी उडत जातं, त्यामुळे ५०० ग्रॅम गुळाचा पाक ५०० ग्रॅम राहत नाही. आणि किसलेला गूळ वाटीनं घेऊ नका, सैल भरला आणि दाबून भरला तर फरक फार. ज्या कढईत पाक करायचा तीच गार असताना काट्यावर ठेवा, शून्य करा, त्यातच गूळ टाका. कढईतून दुसरीकडे ओतणं नाही.

करदंटालाही, म्हणजे गोकाकच्या डिंक-मेव्याच्या वडीलाही, आमच्याकडे हेच करतात. गूळ, डिंक, सुकं खोबरं, सुका मेवा, सगळं आधी कोरडं मोजून ताटात मांडून ठेवायचं. पाक झाला की मोजायला वेळ नसतो, एका मिनिटात गोळा घट्ट होतो.


खानापूरचे_गुरुजी
गटाच्या ताईंना एक व्यवहाराचं सांगतो. घरचा काटा कृतीसाठी ठीक. पाकीट भरून त्यावर २०० ग्रॅम लिहून विकणार असाल तर त्यासाठी वजन-मापं खात्याचा शिक्का असलेला काटा लागतो. २००९ च्या कायद्यात तसं आहे. ठरावीक मुदतीनं तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. दोन काटे वेगळे ठेवा, एक ओट्यावर, एक पाकिटं भरायच्या टेबलावर.

आमच्या जांबोटीकडचा मध कोणी वापरत असेल तर तो विकतच्या बरणीतल्या मधापेक्षा पातळ निघू शकतो. पोळं पावसाळी दिवसांत काढलं तर जास्तच. ऊसवाल्यांनी काकवीबद्दल सांगितलं ते त्यालाही लागू.


वडगावकरीण
गुरुजी, शिक्का असलेला काटा आमच्याकडे आहे, पाकिटांसाठी तोच वापरतो.

सगळ्यांच्या सांगण्यावरून कृती अशी लिहिली आहे, बघा बरं. भाजून सोललेले शेंगदाणे २६० ग्रॅम, मिक्सरमध्ये लोण्यासारखे. त्यातच काकवी, बरणी काट्यावर ठेवून उणे २५५. तेवढंच एकजीव करून नाचणीच्या पिठात. काकवी सगळी एकाच गुऱ्हाळाची, हंगामाच्या सुरुवातीला एकदम घेऊन आटवून ठेवणार. पातळ वाटली तर पिठात जाणारं दूध कमी करायचं, काकवी नाही. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ओट्याच्या वर लावलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण आमच्यातल्या दोघी कन्नड शाळेत शिकलेल्या आहेत.


ऊसवाला
बरोबर हाय. फक्त आटवलेली काकवी गार झाल्यावर कोरड्या बरणीतच भरा. ओल्या बरणीत पडली की वर फेस धरत्या, आंबत्या.


तालमीतला
मधे एक विचारतो. आई दिवाळीला खोबऱ्याच्या वड्यांत कंडेन्स्ड मिल्क घालत्या. कृतीत अर्धा डबा लिहिलाय. डब्यात अर्धा कसा बघायचा, आत दिसत नाही की.


उद्यमबागवाला
डब्यावर निव्वळ वजन लिहिलेलं असतं, ४०० ग्रॅम किंवा जे असेल ते. डबा उघडून काट्यावर ठेव, शून्य कर, थेट कढईत ओत. मधे मधे डबा काट्यावर ठेवून बघत राहा. ४०० चा डबा असेल तर उणे २०० आलं की अर्धा झाला. उरलेला स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, पत्र्याच्या उघड्या डब्यात नको.